गळा, घसा, आत्मा

एकाच स्तोत्राची दोन भाषांतरे शेजारी ठेवून वाचायची मला सवय आहे. उपवासकाळातल्या एका दुपारी स्तोत्रसंहितेतले ६९ वे स्तोत्र असेच वाचत होतो. ते बुडणाऱ्या माणसाचे स्तोत्र आहे. पायाखाली चिखल, टेकायला जागा नाही, पाणी चढते आहे. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये हे पाणी त्याच्या आत्म्यात शिरते. १९५२ च्या भाषांतरात तेच पाणी त्याच्या मानेपर्यंत पोचते. एकाच ओळीतला आत्मा साडेतीनशे वर्षांत मान झाला होता.

दोन्ही भाषांतरे करणारे विद्वान होते आणि सगळ्यांपुढे हिब्रू शब्द एकच होता : नेफेश. हिब्रू शास्त्रात तो सुमारे ७५० वेळा येतो. जुन्या भाषांतरांनी त्यासाठी बहुतेक ठिकाणी ‘आत्मा’ किंवा ‘जीव’ घातला. त्या दुपारपासून मी या शब्दाच्या मागे लागलो. ख्रिस्ती लोक ज्याला आत्म्याची तहान म्हणतात, तिचे कूळ मला या शब्दात सापडले, असे माझे ठाम मत झाले आहे. शरीराची तहान उचलून कोणी आत्म्याला उपमा म्हणून चिकटवलेली नाही. आत्म्यासाठी वापरलेला शब्दच मुळात घशाचा होता, आणि तहान त्याच्याबरोबर जन्मापासून आली.

ही गोष्ट नीट मांडणारा पहिला माणूस जर्मन अभ्यासक लोरेंझ ड्यूर. १९२५ मध्ये त्याने एक छोटा लेख लिहिला. अक्कादी भाषेत ‘नपिश्तु’ म्हणजे जीव, पण गळा आणि घसासुद्धा. तर मग हिब्रूतला तिचा भाऊ नेफेश घसा का नसावा, असा त्याचा सवाल. त्यानंतर चारच वर्षांनी, १९२९ मध्ये, सीरियाच्या किनाऱ्यावर रास शामरा इथे उत्खनन सुरू झाले आणि उगारित हे गाडले गेलेले शहर वर आले. तिथल्या मातीच्या पाट्यांवरच्या भाषेत शब्द मिळाला ‘नपश’. मृत्यूचा देव मोत जबडा वासतो आणि बाल हा देव त्याच्या नपशात उतरतो. आत्म्यात कोणी उतरत नाही, घशात उतरतात. ड्यूरचा तर्क ज्या पुराव्यावर उभा राहायचा, तो त्याने लेख लिहिला तेव्हा अजून जमिनीखाली होता. मला ही गोष्ट आजही थरारून टाकते.

मग शास्त्र पुन्हा उघडून बसलो. यशयाच्या पाचव्या अध्यायात अधोलोक आपला नेफेश रुंद करतो आणि लगेच पुढे आपले तोंड अफाट उघडतो. हिब्रू कवितेत पुष्कळदा दुसरा चरण पहिल्याचा अर्थ पुन्हा सांगतो. तोंडाच्या जोडीला घसाच बसतो. हबक्कुकातला हावरा माणूस अधोलोकासारखाच नेफेश वासतो. रानात मान्ना खाऊन कंटाळलेले इस्राएली लोक मिसरातल्या काकड्या, कलिंगडे, कांदे, लसूण आठवून म्हणतात की आमचा नेफेश सुकला. यशयाच्या २९ व्या अध्यायात तहानलेला माणूस स्वप्नात पाणी पितो आणि जागा होतो तो नेफेश तसाच कोरडा. माशाच्या पोटातून प्रार्थना करणाऱ्या योनाच्याही नेफेशापर्यंत पाणी आलेले आहे. नीतिसूत्रांतले वचन तर मला फार आवडते : दूर देशाहून आलेली शुभवार्ता म्हणजे दमल्या नेफेशाला मिळालेले गार पाणी. शुभवार्ता या शब्दाला पुढे ख्रिस्ती कानांत जो अर्थ आला, त्याच्या कितीतरी आधी ती घशातून उतरणारे पाणी होती.

सगळ्यात विलक्षण प्रवास १०५ व्या स्तोत्रातल्या योसेफाच्या बेडीचा. भावांनी विकलेला योसेफ मिसरात तुरुंगात पडतो. हिब्रूत म्हटले आहे की त्याचा नेफेश लोखंडात गेला. म्हणजे गळ्यात लोखंडी कडे पडले. लॅटिन भाषांतरात वाक्य उलटले आणि लोखंडच आत्म्याच्या आरपार गेले. तिथून ते इंग्रजी प्रार्थनापुस्तकात आले, आणि लोखंड आत्म्यात शिरणे हा इंग्रजीत घोर निराशेसाठी वाक्प्रचार होऊन बसला. गुलामाच्या गळ्यातले कडे लोहाराने घडवले होते. भाषांतरांनी त्याचे दुःख केले.

आता विरोधकांकडे वळतो, कारण त्यांचे आक्षेप किरकोळ नाहीत.

पहिला आक्षेप असा की घशासाठी हिब्रूत ‘गारोन’ हा सरळ शब्द आहे, आणि तो याच ६९ व्या स्तोत्रात दोनच ओळींनंतर येतो. हाका मारून मारून माझा गारोन कोरडा पडला, असे तो माणूस म्हणतो. कवीला घसाच म्हणायचा होता तर त्याने पहिल्या ओळीतही गारोन का वापरला नाही? या प्रश्नाने मी बरेच दिवस अडलो होतो. सुटका केली ती मराठीने. आपल्याकडे पाणी गळ्याशी येते, घशाशी येत नाही. ओरडून घसा बसतो, गळा बसला तरी चालतो. प्राण कंठाशी येतात, घशाशी कधी येत नाहीत. धरायचे असते ते नरडे. शरीराचा तोच चार बोटांचा भाग, पण प्रत्येक प्रसंगाचा शब्द वेगळा. हिब्रू कवीनेही तेच केले. बुडताना, तहानताना, जीव जायची वेळ आल्यावर नेफेश. आरोळी मारताना गारोन. दोन शब्द आहेत म्हणून एकाचा अर्थ आत्मा ठरत नाही.

दुसरा आक्षेप श्वासवाल्यांचा. ‘नाफश’ या क्रियापदाचा अर्थ दम खाणे, विसावणे. निर्गमात शब्बाथाच्या दिवशी दासीचा मुलगा आणि परदेशी मजूर यांनी नाफश करावे, असे सांगितले आहे. अरबीतही नफ्स म्हणजे जीव आणि नफस म्हणजे श्वास. तेव्हा मूळ अर्थ श्वास आणि घसा हा नंतरचा, असे ते म्हणतात. मला यात भांडण दिसत नाही. श्वास जातो कुठून? ज्या नळीतून वारा जातो तिच्या तोंडाशीच पाणी उतरते, आणि प्राचीन माणसाने देह कापून दोन नळ्या वेगळ्या मोजल्या नव्हत्या. आपणही धाप ओसरली की म्हणतो जीवात जीव आला, आणि उन्हातून आल्यावर तांब्याभर पाणी प्यायलो तरी म्हणतो जीवात जीव आला. नाफश या क्रियापदाला मराठीत याहून चांगला शब्द मला सुचत नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यात धारदार. १९६१ मध्ये जेम्स बार यांनी बायबलच्या शब्दार्थांवर एक पुस्तक लिहून धर्मपंडितांची खोड मोडली. शब्दाची व्युत्पत्ती म्हणजे त्याचा अर्थ नव्हे, असे त्यांनी ठणकावून सांगितले. ते अगदी खरे आहे. ‘सौभाग्यवती’ म्हणताना कोणी ‘भग’ या मूळ शब्दाचा विचार करत नाही. पण नेफेशाच्या बाबतीत मी धातूवर विसंबलेलो नाही. तो वाक्यात काय काय करतो ते पाहिले आहे : उघडतो, सुकतो, तहानतो, भुकेजतो, भरतो, लोखंडात अडकतो. शब्दाची ओळख त्याच्या कामावरून करायची, हा बार यांचाच नियम. १९७३ मध्ये हान्स वाल्टर वोल्फ यांनी जुन्या करारातल्या माणसावर ग्रंथ लिहिला, त्यातही नेफेशाचा पहिला अर्थ घसा दिला आणि तिथून गरजवंत माणसापर्यंत वाट काढली. माणूस म्हणजे ज्याला सतत काहीतरी आत घ्यावे लागते असा प्राणी. उत्पत्तीत देव मातीच्या पुतळ्यात श्वास फुंकतो आणि माणूस जिवंत नेफेश होतो. त्याला आत्मा मिळाला असे तिथे लिहिलेले नाही. तो तसा झाला.

मराठीत याची सावली शोधायला लांब जावे लागत नाही. जेवणाआधी चिडचिड करणाऱ्याला आजही घरची माणसे सांगतात, आधी आत्माराम शांत कर. वेदान्तातला एवढा थोर शब्द, आणि तो पोटाच्या भुकेसाठी चालतो. कोणाला त्यात विटाळ वाटत नाही. हिब्रू माणसालाही वाटला नसता.

आता हरिणीबद्दल. ४२ व्या स्तोत्रात देवासाठी तहानलेला नेफेश येतो आणि त्याच्या जोडीला पाण्याच्या ओहोळाकडे धाव घेणारे हरीण. पुढच्या सगळ्या ख्रिस्ती तहानेचे हे चित्र. पण त्यात एक गाठ आहे. मुळात हरीण आहे ‘अय्याल’, म्हणजे नर. आणि क्रियापद आहे ‘तआरोग’, म्हणजे स्त्रीलिंगी. पुष्कळ अभ्यासक म्हणतात की शब्द मुळात ‘अय्यलेत’, हरिणी, असावा. त्याचे शेवटचे अक्षर आणि पुढच्या शब्दाचे पहिले अक्षर एकच असल्याने नकलकाराच्या हातून एक गळले. मला हे पटते. जुन्या ग्रीक भाषांतरातही ती हरिणीच आहे.

पण ती करते काय? ‘आरग’ हे क्रियापद सगळ्या हिब्रू शास्त्रात या स्तोत्राशिवाय फक्त योएलाच्या पहिल्या अध्यायात येते, तेही दुष्काळात ओहोळ आटल्यावर रानातल्या जनावरांबद्दल. कोशकारांनी त्याला वाफ्याच्या हिब्रू शब्दाशी जोडले, अरबीतल्या ‘वर चढणे’ या धातूशीही जोडले, आणि मग ओढ, झुकणे, आस असे अर्थ काढले. अकराव्या शतकात फ्रान्समधल्या त्र्वा गावात राहणाऱ्या राशी या यहुदी भाष्यकाराने मात्र सरळ सांगितले की हा हरिणीचा आवाज आहे. सिंह गुरगुरतो, बैल हंबरतो, पक्षी चिवचिवतात, तशी हरिणी आरगते. मी राशीच्या बाजूने आहे. तहानेची पहिली खूण घशातून निघणारा आवाज असतो, आणि पुढच्याच चरणात नेफेश, म्हणजे तोच घसा, देवाला हाक मारतो. ओढ, आस हे अर्थ या आवाजाचे नंतरचे सभ्य वंशज.

राशीने तिथेच एक जुनी कथाही दिली आहे. रानातली जनावरे तहानली की या हरिणीभोवती जमतात, कारण सगळ्यांत ती भाविक. ती खड्डा खणते, त्यात शिंगे रोवते आणि आरगते. देवाला दया येते आणि खोलातले पाणी वर चढते. शिंगे असलेली हरिणी कुठली, हा प्रश्न मी सोडून देतो. ख्रिस्ती बाजूला ऑगस्टीनने याच स्तोत्रावर प्रवचन करताना वेगळी दंतकथा घेतली. हरीण साप मारते, मारल्यावर त्याची तहान आणखी भडकते आणि ते पाण्याकडे धावते. तसे पाप मारल्यावर माणूस झऱ्याकडे धावतो. त्याच्या काळी बाप्तिस्म्याला निघालेल्या उमेदवारांसाठी हे स्तोत्र गात असत, हेही तोच सांगतो. म्हणून रोमच्या जुन्या बाप्तिस्मागृहांत हरणे येतात. सम्राट कॉन्स्टंटाइनने लॅटरनच्या बाप्तिस्मागृहाला दिलेल्या वस्तूंच्या यादीत पाणी ओतणारी सात चांदीची हरणे आहेत. रावेन्नाला गाला प्लासिडियाच्या समाधीगृहातल्या निळ्या भिंतीवर दोन हरणे आजही पाण्यावर वाकलेली आहेत.

इथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आपल्या भूमीवरचे तहानलेले हरीण फसते. त्याच्या नावाने आपण मृगजळ हा शब्द केला आणि सगळ्या संसाराला तो लावला. हिब्रू स्तोत्रातली हरिणी ज्याकडे धावते ते पाणी खरे आहे. आणि तहान हा आपला शब्द तरी कुठून आला? संस्कृत तृष्णा, प्राकृत तण्हा, मराठी तहान. याच तण्हेला बुद्धाने दुःखाचे मूळ म्हटले आणि ती विझवायला सांगितली. येशूने डोंगरावर ज्यांना धन्य म्हटले ते नीतिमत्त्वासाठी भुकेले आणि तान्हेले लोक होते. एकाच शब्दाच्या वंशावर दोन धर्मांनी किती उलट भार टाकला! मराठीने मात्र घरातच वाटणी करून टाकली : तत्सम तृष्णा हावेकडे गेली, तद्भव तहान पाण्याच्या माठाजवळ राहिली.

पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीकवरून सगळे बायबल एकटीने मराठीत आणले. एप्रिल १९२२ मध्ये त्या गेल्या आणि १९२४ मध्ये ते छापून बाहेर पडले. १८७८ मध्ये कोलकात्याच्या शास्त्र्यांनी ज्यांना पंडिता आणि सरस्वती म्हटले, त्या बाईंनी ठरवून सोपी, खेड्यातल्या बाईला कळेल अशी भाषा धरली. नेफेश शिकायला त्या उतारवयात हिब्रू घेऊन बसल्या. तृष्णा आणि तहान यांतले अंतर त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार?

पुन्हा भूमध्य समुद्राकडे जातो. इ.स.पूर्व तिसऱ्या शतकापासून अलेक्झांड्रियातल्या यहुद्यांनी शास्त्र ग्रीकमध्ये आणले आणि नेफेशासाठी शब्द घेतला ‘प्सुखे’. इथे घसा गेला आणि आत्मा आला, असे सगळे लिहितात. मी तसे लिहिणार नाही. प्सुखेचे कूळ ‘प्सुखो’ या क्रियापदात, आणि प्सुखो म्हणजे फुंकणे, फुंकून गार करणे. ‘प्सुख्रोस’ म्हणजे थंड. प्लेटोच्या ‘क्रातिलोस’ संवादात सॉक्रेटिस सुचवतो की जी देहाला श्वास देऊन गारवा देते ती प्सुखे. पुढे तिसऱ्या शतकात ओरिगेनने हेच कूळ उलटे फिरवले : आत्मे मुळात देवाच्या धगीत होते, ते निवाले म्हणून त्यांना प्सुखे म्हणतात. प्लेटोला गारवा म्हणजे जगणे, ओरिगेनला गारवा म्हणजे पडझड. मी प्लेटोकडे झुकतो, कारण यहुदी भाषांतरकारही तिकडेच झुकले. निर्गमातल्या मजुराच्या नाफशसाठी, त्या दम खाण्यासाठी, त्यांनी क्रियापद घेतले ‘अनाप्सुखो’ : पुन्हा गार होणे. एका भाषेत घसा होता, दुसरीत गारवा. तहान दोहोंत मावली.

हाच शब्द पुढे विश्वासाच्या ऐन दारात येऊन उभा राहतो. प्रेषितांच्या कृत्यांत तिसऱ्या अध्यायात पेत्र मंदिराच्या देवडीत जमलेल्या लोकांना सांगतो की पश्चात्ताप करा, वळा, म्हणजे प्रभूपासून ‘अनाप्सुक्सिस’चे दिवस येतील. भाषांतरांत इथे विश्रांती, तजेला असे शब्द असतात. मला तिथे गारवाच ऐकू येतो. जीव गार झाला, असे आपण ज्या अर्थी म्हणतो त्या अर्थी. लूकच्या शुभवर्तमानात ज्वाळेतला श्रीमंत माणूस लाजराच्या बोटाच्या टोकाने आपली जीभ गार करायला विनवतो, तिथलेही क्रियापद याच कुळातले. त्याला हवे आहे थेंबभर पाणी, आणि ते त्याला मिळत नाही.

शोमरोनी स्त्रीची विहीर, क्रूसावरून येशूने तहान लागल्याचे सांगणे, आणि त्या उद्गाराची मदर तेरेसांच्या संस्थेच्या प्रत्येक प्रार्थनागृहात क्रूसाशेजारी लागलेली पाटी, हे टप्पे वाचकांना माहीत आहेत. मला थांबायचे आहे योहानाच्या सातव्या अध्यायातल्या एका विरामचिन्हापाशी.

मंडपांचा सण. उन्हाळाभर पावसाचा थेंब नाही, विहिरींनी तळ गाठलेला. सात दिवस रोज एक याजक सोन्याच्या सुरईत शिलोहाच्या तळ्याचे पाणी भरतो, तीन लोग, म्हणजे साधारण लिटरभर. शिंगे फुंकली जातात, आणि ते पाणी वेदीवर ओततात. सणाच्या शेवटच्या, मोठ्या दिवशी येशू उभा राहून मोठ्याने तहानलेल्यांना बोलावतो : त्याने माझ्याकडे यावे आणि प्यावे. पुढे विश्वास ठेवणाऱ्याचा उल्लेख येतो आणि मग पोटातून जिवंत पाण्याच्या नद्या वाहतील, असे शास्त्राच्या नावाने सांगितले जाते. जुन्या ग्रीक हस्तलिखितांत शब्द एकमेकांना चिकटून असत, विरामचिन्हे जवळजवळ नसत. मग वाक्य कुठे तोडायचे? ‘प्यावे’ या शब्दावर पूर्णविराम दिला तर ‘माझ्यावर विश्वास ठेवणारा’ पुढच्या वाक्यात जातो आणि नद्या त्याच्या पोटातून वाहतात. ओरिगेन आणि पूर्वेकडचे बहुतेक असे वाचतात. विराम विश्वास ठेवणाऱ्यानंतर दिला तर दोन चरण जोडीने उभे राहतात : तहानला आहे त्याने यावे, विश्वास ठेवतो त्याने प्यावे, आणि नद्या येशूच्या देहातून वाहतात, जिथून पुढे भाला लागल्यावर रक्त आणि पाणी निघाले. कार्थेजचा सिप्रियन आणि पश्चिमेकडचे जुने आचार्य असे वाचतात. आजच्या भाषांतरांत दोन्ही सापडतात.

पूर्वपक्षाचा मुद्दा असा की ‘विश्वास ठेवणारा’ या शब्दांनी वाक्य सुरू करणे ही योहानाची नेहमीची लकब आहे. मुद्दा दमदार आहे. पण याच शुभवर्तमानात एक अध्याय आधी येशूने येणाऱ्याची भूक आणि विश्वास ठेवणाऱ्याची तहान जोडीने मिटवली आहे. ती जोडी लेखकाच्या कानात होती. म्हणून मी दुसरा विराम धरतो. त्यात विश्वास ठेवणे आणि पिणे ही एकच क्रिया होते. पाण्याबद्दल मत बनवणे म्हणजे पिणे नव्हे. पाणी घशाखाली गेले पाहिजे. हिब्रू कानाला हे समजावून सांगावे लागले नसते, कारण त्याचा आत्मा हाच त्याचा घसा.

आणि ते ‘पोट’? ग्रीक शब्द आहे ‘कोइलिया’, जो निकदेम तिसऱ्या अध्यायात आईच्या उदरासाठी वापरतो. येशूने ज्या शास्त्रवचनाचा हवाला दिला ते तशा शब्दांत जुन्या करारात कुठेच नाही. कोणी यहेज्केलाच्या मंदिरातून निघणारी नदी सुचवतात, कोणी जखऱ्याने पाहिलेले यरुशलेमेचे जिवंत पाणी, कोणी मोशेने फोडलेला खडक. यरुशलेम पृथ्वीची बेंबी, म्हणून पोट, असेही एक अनुमान आहे. माझे अनुमान असे की इथे एखादे वचन हुडकूच नये. स्तोत्रांतून तहानत आलेल्या घशाला दिलेले हे उत्तर आहे : घसा मागत होता, पोट भरून वाहू लागले.

आता कुळातली विसरलेली शाखा. २००८ मध्ये दक्षिण तुर्कस्तानात झिंजिरली इथे शिकागो विद्यापीठाच्या उत्खननात एक शिळा मिळाली. इ.स.पूर्व आठव्या शतकातला कटुमुवा नावाचा राजाधिकारी त्यावर कोरलेला आहे. खुर्चीत बसलेला, पुढे ताटे मांडलेले मेज, हातात उंचावलेला पेला. लेखात तो देवांसाठी बळी नेमून देतो आणि शेवटी एक मेंढा आपल्या ‘नबश’साठी मागतो, जो या शिळेत राहणार आहे. नबश म्हणजे आपला नेफेशच. पुढे अरामी भाषांत थडग्यावरच्या दगडालाच नेफेश म्हणू लागले. जॉर्डनमधल्या पेट्रा शहराच्या कड्यांवर असे नेफेश रांगेने कोरलेले दिसतात. हा पुरावा काहींनी घशाच्या मताविरुद्ध आणला : बघा, देह सोडून दगडात राहणारा आत्मा! मला मात्र त्याच्या हातातला पेला दिसतो. दगडात गेला तरी त्याला प्यायचे आहे.

मेलेल्याला तहान लागते, ही समजूत भूमध्य समुद्राच्या सगळ्या काठांवर होती. रोमन थडग्यांत वरून पेय ओतायला नळ्या बसवलेल्या सापडतात. थडग्यापाशी बसून केलेल्या जेवणाला लॅटिनमध्ये ‘रेफ्रिजेरियम’ म्हणत, म्हणजे गारवा. आपल्या घरातल्या फ्रिजचे नाव याच शब्दाच्या कुळातले. ख्रिस्ती लोकांनी तो शब्द उचलला. रोममध्ये आपिया रस्त्यावर सेंट सेबास्तियनच्या भुयारी स्मशानात १९१५ मध्ये एक भिंत मिळाली, तिच्यावर यात्रेकरूंनी खरवडून लिहिले आहे की आम्ही पेत्र आणि पौल यांच्यासाठी रेफ्रिजेरियम केले. पेत्राच्या भाषणातल्या अनाप्सुक्सिसचे लॅटिन भाषांतरही हेच. रोमन मिस्सेच्या जुन्या प्रार्थनेत मृतांसाठी गारव्याची, प्रकाशाची आणि शांतीची जागा अजून मागितली जाते. मजुराचा दम, पश्चात्तापी माणसाचा गारवा आणि मेलेल्याचे पाणी या तिन्ही वाटा या एका शब्दात येऊन मिळाल्या.

त्या शब्दाचा सर्वांत सुंदर वापर एका बावीस वर्षांच्या बाईने केला आहे. पेर्पेतुआ, कार्थेजची, अंगावर पिणारे बाळ असलेली. विश्वासाचे शिक्षण घेत असतानाच तिला धरले, आणि पहाऱ्यात असतानाच तिचा बाप्तिस्मा झाला. मार्च २०३ मध्ये तिला श्वापदांपुढे टाकले. त्याआधीचे दिवस तिने स्वतः लिहून ठेवले. त्यात ती सांगते की प्रार्थना करता करता अचानक तिच्या तोंडी दिनोक्रातेस हे नाव आले. तिचा धाकटा भाऊ, सातव्या वर्षी चेहऱ्यावर व्रण चिघळून गेलेला. त्या रात्री तो तिला दिसला : अंधारातून बाहेर येणारा, उकाड्याने आणि तहानेने व्याकूळ, तोंडावर ती जखम. तिथे पाण्याने भरलेला हौद होता, पण त्याचा काठ मुलाच्या डोक्याहून उंच. तो टाचा वर करून पोचायला बघत होता.

१९३० मध्ये फ्रान्झ योसेफ ड्योल्गर या अभ्यासकाने दाखवले की अकाली गेलेल्या तहानलेल्या मुलाची ही समजूत ख्रिस्तपूर्व आहे. ऑगस्टीनला वेगळीच चिंता पडली होती : बाप्तिस्म्याविना मुलाला सुटका कशी मिळेल? म्हणून त्याने मुलाचा बाप्तिस्मा झालेला असणार, असे ठरवले. पेर्पेतुआच्या लिखाणात यातले काही नाही. ती जागी झाली, आणि भाऊ हालात आहे हे समजून तिने रात्रंदिवस रडत त्याच्यासाठी प्रार्थना केली. काही दिवसांनी, पाय खोड्यात अडकवलेले असताना, तिने त्याला पुन्हा पाहिले. अंग स्वच्छ, कपडे नीट, जखमेच्या जागी नुसता वण. तो ‘रेफ्रिजेरांतेम’ होता, असे ती लिहिते, गार झालेला. हौदाचा काठ उतरून मुलाच्या बेंबीपर्यंत आला होता. काठावर पाण्याने भरलेला सोन्याचा वाडगा होता. दिनोक्रातेस त्यातून प्यायला लागला, आणि वाडग्यातले पाणी काही संपेना. पोटभर पाणी पिऊन झाल्यावर तो लहान मुलासारखा खेळायला निघून गेला.